पुरंदर : गड आणि डोंगर

'पुरंदर' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहतात. एक मुरारबाजी देशपांड्यांचे शौर्य आणि दुसरी 1665 चा तह. पाठ्यपुस्तकाने या दोन गोष्टी इतक्या पक्क्या बसवल्या आहेत की पुरंदर ही एक घटना आहे, स्थळ नव्हे, असे वाटू लागते. मुळात हे नावच पुराणातून आलेले. पुरंदर म्हणजे इंद्र, नगरे फोडणारा. शेजारच्या जोडकिल्ल्याचे नाव वज्रगड, म्हणजे इंद्राच्या आयुधाचे. पर्वतांचे पंख छाटणाऱ्या देवाचे नाव एका पर्वताला मिळावे हा योगायोग मौजेचा खरा. पण आपल्या इतिहासलेखनानेही या पर्वताचे पंख छाटलेच आहेत. गड तेवढा शिल्लक ठेवला आणि डोंगर विसरला.

प्रस्तुत लेखात पुरंदरचा विचार डोंगर म्हणून करावयाचा आहे, आणि तोही पायथ्याच्या पूर्वेकडून, म्हणजे बारामती-इंदापूरच्या बाजूने. पुण्याकडून पाहणाऱ्याला पुरंदर हा दक्षिणेचा पहारेकरी दिसतो. आपल्याकडून पाहिले तर तो पाण्याचा उगम दिसतो. या दोन दृष्टींत बराच फरक आहे आणि माझ्या मते दुसरी दृष्टी घेतल्याशिवाय पहिलीचा अर्थ नीट लागत नाही.

प्रथम भूगोल पाहू. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे ज्या सोंडा निघतात, त्यांपैकी एका सोंडेवर पुरंदर आणि वज्रगड ही दोन शिखरे आहेत. पुरंदरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 4,470 फूट. वज्रगड त्याहून किंचित कमी. दोहोंना जोडणारी खिंड भैरवखिंड या नावाने ओळखली जाते. हा सारा डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून गोठलेल्या लाव्हाचा. कठीण आणि ठिसूळ थर एकाआड एक असल्याने पाण्यापावसाने ठिसूळ थर झिजतात आणि कठीण थर ताठ कडा होऊन उभे राहतात. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या असतात. पुरंदरलाही अशा पायऱ्या आहेत. वर बालेकिल्ला, त्याच्या माथ्यावर केदारेश्वराचे मंदिर. खाली उत्तरेच्या अंगाला रुंद माची, तिच्यात बिनी दरवाजा, पुरंदरेश्वराचे मंदिर आणि तळी. किल्ला बांधणाऱ्यांनी तट आणि बुरूज उभे केले हे खरे, परंतु बांधकामाचा मोठा भाग निसर्गाने आधीच करून ठेवला होता.

आता पाण्याकडे वळू. पुरंदरची रांग हा कऱ्हा आणि नीरा या दोन नद्यांमधला जलविभाजक आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब कऱ्हेला मिळतो, दक्षिणेच्या उतारावर पडलेला नीरेला. कऱ्हा गराडे परिसरात, याच डोंगराळ टापूच्या कुशीत उगम पावते. सासवड, नाझरे, मोरगाव करीत बारामतीस येते आणि तालुक्यातील सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे भीमेत विसर्जित होते. म्हणजे पुरंदरच्या माथ्यावर एका हाताच्या अंतराने पडून वेगळे झालेले दोन थेंब पुन्हा भेटतात ते सोनगावला, आपल्या अंगणात. या नदीने मराठी वाङ्मयालाही काही कमी दिलेले नाही. सासवडला तिच्या तीरावर सोपानदेवांची समाधी आहे. बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत सुमारे चाळीस वर्षे राहिले आणि 1794 मध्ये तेथेच निवर्तले. आणि सासवडजवळच्या कोढीतला 1898 मध्ये जन्मलेल्या आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला नाव दिले तेही 'कऱ्हेचे पाणी'. अभिमानाने सांगावे असे हे सारे आहे. पण हे पाणी येते कोठून, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

हा भूगोल लक्षात ठेवून इतिहासाकडे पाहिले की पुरंदरवर वारंवार लढाया का झाल्या याचा उलगडा होतो. मालोजीराजे भोसल्यांना निजामशाहीकडून जहागीर मिळाली ती पुणे आणि सुपे या परगण्यांची. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. मालोजीराजे पडले ते इंदापूरच्या लढाईत, आणि त्यांची गढी आजही इंदापुरात दाखवली जाते. म्हणजे भोसले घराण्याच्या उदयाचा पहिला पट या पूर्वेकडच्या सपाटीवर मांडलेला आहे. सपाटी धान्य देते, घोड्यांना चारा देते. मात्र संकटात आसरा देत नाही. आसऱ्यासाठी पाठीशी डोंगर लागतो. 1648 मध्ये विजापूरच्या फत्तेखानाने स्वारी केली तेव्हा शिवाजी महाराजांनी आसरा घेतला तो पुरंदरचा, आणि त्याच्या बळावर ती फौज परतवली. पुढे गड त्यांच्या ताब्यात आला. 14 मे 1657 रोजी संभाजीराजांचा जन्म याच गडावर झाला.

शायिस्तेखानाची वाटही या दृष्टीने बोलकी आहे. 1660 मध्ये अहमदनगरहून निघालेला खान थेट पुण्याला गेला नाही. सुपे, बारामती, होळ, शिरवळ असा नीरेच्या काठाने फिरून तो सासवडकडे वळला. एप्रिलच्या आरंभी त्याचा मुक्काम बारामतीस होता. एवढ्या प्रचंड फौजेला पाणी आणि दाणावैरण हवी, ती नदीकाठच्या गावांतून मिळणार; आणि सपाटी ताब्यात घेतली की डोंगर एकटा पडणार. फौज पुरंदरच्या परिसरात शिरली तेव्हा मराठ्यांशी तिच्या चकमकी झडल्या. आपल्या गावांच्या इतिहासात हे पान सहसा येत नाही, कारण येथे मोठी लढाई झाली नाही. परंतु लष्कर ज्या गावातून जाते, त्या गावाला लढाई न होताही युद्ध सोसावे लागते.

1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी हेच सूत्र अधिक शिस्तीने वापरले. सासवडला तळ टाकून मार्चअखेर त्यांनी पुरंदरला वेढा घातला, आणि त्याच वेळी दाऊदखान कुरेशीसारख्या सरदारांच्या तुकड्या इतर गडांच्या पायथ्याची गावे जाळीत फिरवल्या. खुद्द पुरंदरसाठी जयसिंग आणि दिलेरखान यांनी भूगोलाचे नेमके वाचन केले. वज्रगड उंचीने थोडा कमी, परंतु त्याच्यावरून पुरंदरची माची तोफेच्या टप्प्यात येते. म्हणून आधी प्रचंड तोफा चढणीवर ओढून नेऊन त्यांनी वज्रगडावर मारा धरला. 14 एप्रिलला वज्रगड पडला आणि तेथेच पुरंदरचे भवितव्य ठरले. मे महिन्यात मुरारबाजींनी निवडक माणसे घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर जी झेप घेतली, तिचे वर्णन सभासदाने आपल्या बखरीत केले आहे आणि ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ते शौर्य निर्विवाद आहे. पण ती झेप का घ्यावी लागली, याचे उत्तर वज्रगडाच्या माथ्यावर शोधावे लागते. खिंडीपलीकडचे शिखर हातचे गेल्यावर तटाआड बसून राहणे म्हणजे वरून येणाऱ्या गोळ्यांची वाट पाहणे होते.

जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. या तहानुसार संभाजीराजांच्या नावे पाच हजारांची मनसब ठरली. ज्या गडावर ते जन्मले, त्याच गडाच्या पायथ्याशी आठव्या वर्षी ते कागदोपत्री मोगलांचे मनसबदार झाले. नियतीच्या अशा विपरीत खेळाला ललित लेखकाने भुलावे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र आकडे पाहावेत. हा तह किल्ल्यांच्या मोजणीने सांगितला जातो, पण त्यातला व्यवहार मुलखाच्या उत्पन्नाचा, म्हणजे शेवटी शेतांचा आणि पाण्याचा आहे. 8 मार्च 1670 रोजी निळो मोरेश्वरांनी पुरंदर परत घेतला, तेव्हा डोंगर आणि सपाटी यांची तुटलेली गाठ पुन्हा बांधली गेली.

पेशवाईत पुरंदरला निराळे महत्त्व आले. नारायणरावांच्या खुनानंतर गरोदर गंगाबाईंना कारभाऱ्यांनी येथे सुरक्षित ठेवले आणि 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. शनिवारवाड्याच्या भिंती जे रक्षण करू शकल्या नाहीत, ते कड्यांनी केले. 1 मार्च 1776 रोजी येथेच कलकत्त्याहून आलेल्या कर्नल अप्टनशी कारभाऱ्यांनी तह केला. पुरंदरचा हा दुसरा तह आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला आहे. मुंबईकर इंग्रजांनी तो मनापासून मानला नाही, आणि त्यातूनच पुढे 1779 चे वडगाव घडले. पुरंदरवर हे राजकारण चालू असताना त्याच डोंगराचे पाणी पिऊन बारामतीत मोरोपंत आर्या रचीत होते. आपल्या साहित्येतिहासात पंतकवींचा काळ आणि राजकीय इतिहासात बारभाईंचा काळ अशी दोन प्रकरणे वेगवेगळी शिकवली जातात; ती एकाच नदीच्या दोन टोकांना घडत होती, हे विद्यार्थ्यांना सांगावयास हवे.

मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी पुरंदर घेतला, आणि पुन्हा तोच क्रम दिसतो: आधी वज्रगड, मग पुरंदर. राज्ये बदलली, तोफा बदलल्या. खिंड तीच राहिली. इंग्रजी अंमल आल्यावर गडाच्या रखवालीवर पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या रामोश्यांचे हक्क गेले. पायथ्याच्या भिवडी गावचे उमाजी नाईक यांनी त्यातूनच बंड उभारले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. राजे, पेशवे, सेनापती यांच्या कथेत या डोंगरावर रात्र रात्र जागणाऱ्या माणसांना जागा मिळते ती अशी, शेवटच्या पानावर.

इंग्रजांनी थंड हवेसाठी पुरंदरच्या माचीवर आजारी गोऱ्या शिपायांचे आरोग्यधाम केले. चर्चच्या पडक्या भिंती आजही तेथे दिसतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात या गडाने एक अनपेक्षित भूमिका बजावली. हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन नागरिकांना शत्रुराष्ट्राची प्रजा म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांपैकी काही कुटुंबे पुरंदरवर ठेवली होती. त्यांत जर्मनीतून आलेले ज्यूही होते. मायदेशात ज्यांना जर्मन मानण्यास नकार मिळाला, त्यांना येथे जर्मन म्हणून अडकवून ठेवण्यात आले. बडोद्याच्या संग्रहालयाशी निगडित असलेले कलेतिहासकार डॉ. हर्मान गॉट्झ हेही या स्थानबद्धांत होते. त्यांनी बंदिवासाचा उपयोग गडाच्या वास्तूंचा अभ्यास करण्यासाठी केला आणि पुढे त्यावर लेखन प्रसिद्ध केले. पुरंदरकडे बारकाईने पाहणाऱ्यांत एक माणूस असा निघावा, ज्याला तेथून जाण्याची मुभाच नव्हती, हे मनाला चटका लावणारे आहे.

त्याच युद्धात मराठा पलटणी दूर आफ्रिकेत एका परक्या डोंगरावर चढत होत्या. 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इरिट्रियातील केरेन येथे इटालियन फौजेशी जी लढाई झाली, तिचे स्वरूप पाहिले की पुरंदरची आठवण व्हावी. भोवती उंच कडे, मधून एकच अरुंद घळ, आणि त्या घळीवर नजर ठेवणारी डोलोगोरोडोकची गढी. आसपासच्या उंच शिखरांहून ती ठेंगणी. तरी ती पडल्यावरच घळीतला रस्ता मोकळा करता आला. तिच्यासाठी झालेल्या चढाईत मराठा पलटणही होती. सासवडच्या तळावरून जयसिंगांनी वज्रगडाकडे ज्या नजरेने पाहिले असेल, तीच नजर येथेही कामी आली. डोंगरी युद्धाचे व्याकरण खंड बदलल्याने बदलत नाही. फरक एवढाच की वज्रगडावर लढणारे आपल्या मुलखासाठी लढले. केरेनला पडलेले मराठी शिपाई दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी पडले, आणि त्यांच्या डोंगराचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात येत नाही.

स्वातंत्र्यानंतर पुरंदरचा उपयोग राष्ट्रीय छात्रसेनेच्या प्रशिक्षणासाठी होऊ लागला. युद्धाचा वास या डोंगराला अद्याप पूर्ण सोडून गेलेला नाही.

आता ज्याचा उल्लेख गडांच्या पुस्तकांत जवळजवळ नसतो, त्या सृष्टीविषयी. वज्रगडाच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक मांसल खोडाची छोटी वनस्पती आढळते. तिचे फूल गडद तांबडे, मध्यभागी पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, आकार चांदणीसारखा. जगात ती फक्त महाराष्ट्रात, मोजक्या कड्यांवर सापडते. शिवनेरी आणि सज्जनगड ही तिची आणखी ठिकाणे. ही नावे एकत्र वाचली की लक्षात येते, की ही तर किल्ल्यांची यादी झाली. यात गूढ काही नाही. ज्या ताठ कड्यावर शत्रूला चढता येत नाही, त्या कड्यावर शेळीलाही पोहोचता येत नाही आणि वणव्यालाही. म्हणून तेथे किल्ला टिकतो आणि ही वनस्पतीही टिकते. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिले ते मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरून. किल्ले जिंकून झाल्यावर कड्यांवरच्या फुलांवरही राज्यकर्त्यांची मोहोर उमटली. गुराख्यांनी दिलेले नाव मात्र मराठीत तग धरून आहे.

डोंगर उतरून पूर्वेला आले की सृष्टी पालटते. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पुढे झपाट्याने ओसरतो. पुरंदरच्या शिखरांना त्याचा शेवटचा मोठा वाटा मिळतो, आणि बारामती-इंदापूरपर्यंत येता येता वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास उरतो. ज्या सह्याद्रीने आपल्याला नद्या दिल्या, त्यानेच आपला पाऊस अडवला. या पर्जन्यछायेतून आपल्या भागाचे दोन तुकडे झाले. 1876-78 च्या दुष्काळाच्या काळात काम सुरू होऊन 1885 मध्ये वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याच्या खालचा भाग बागायती झाला. कालव्याच्या वरचा सुपे, मोरगाव, शिर्सुफळ हा भाग जिरायतीच राहिला. आपल्या बोलण्यात जिरायत हा शब्द उणिवेचा आहे. परंतु याच जिरायतीच्या माळांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आहेत, आणि त्यांच्यावर एक संपूर्ण जीवसृष्टी उभी आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी, ही सारी उघड्या माळाची प्रजा. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये चिंकाऱ्यासाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावरही चिंकारे दिसतात. लांडग्याला तर अभयारण्याची सीमा ठाऊकच नसते. तो धनगरांच्या मेंढ्यांमागे फिरतो, आणि धनगरही शतकानुशतके त्याच्याशी भांडत, त्याला सोसत आला आहे.

या माळांना सरकारी दप्तरात पडीक म्हटले गेले. पडीक म्हटले की ते कामी लावण्याची घाई होते. गवताळ रानात ग्लिरिसिडियासारखी झाडे लावून त्याला हिरवे केल्याचे समाधान मानले गेले. ज्या चिंकाऱ्याला दूरवर दिसण्यासाठी उघडे मैदान लागते, त्याच्या दृष्टीने ही हिरवाई म्हणजे भिंत. दुसरीकडे, 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येऊ लागले आणि ते पाहण्यासाठी गर्दी होऊ लागली. उसाच्या फडांनी बिबट्याला आडोसा दिला, आणि डोंगरातला हा रहिवासी बागायतीत येऊन बसला. पाण्याने प्राण्यांचा नकाशा बदलला. जे नवे आले त्याची बातमी झाली. जे चुपचाप मागे हटले त्याची झाली नाही.

2025 मध्ये युनेस्कोने महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पुरंदर त्यात नाही, याची खंत काहींना वाटली. मला त्या यादीतला 'भूदृश्ये' हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. किल्ला सुटा नसतो, तो भोवतालच्या भूमीसह किल्ला असतो, हे त्या शब्दाने मान्य केले आहे. तो निकष आपण पुरंदरला स्वतःहून लावावयास कोणाची अनुमती लागत नाही. मग पुरंदरचा वारसा फत्ते बुरुजाशी संपणार नाही. त्यात भैरवखिंड येईल, शिंदळ माकुडीचा कडा येईल, गराड्याचे ओढे येतील, पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे कऱ्हेचे पात्र येईल, सुप्याचा माळ येईल आणि सोनगावचा संगमही येईल.

तोफांनी पुरंदरचे बुरूज पाडले, ते पुन्हा बांधले गेले. सतराव्या शतकात गेलेला गड पाच वर्षांत परत मिळाला. ओढा बुजवला किंवा गवताळ माळ नांगरून टाकला, तर तो परत मिळवून देणारा निळो मोरेश्वर कोणी नाही. आपल्या महाविद्यालयांच्या सहली दरवर्षी पुरंदरला जातात. मुरारबाजींच्या पुतळ्यापाशी छायाचित्र घेतल्यावर विद्यार्थ्यांना एकदा पूर्वेकडे तोंड करून उभे करावे, आणि खाली वळत गेलेली कऱ्हा बोटाने दाखवून सांगावे, की ही आपल्या गावाला जाते.